टपरीखालचं चाक

आमच्या ऑफिससमोर रस्त्यावर पांढऱ्या रंगात व्हीलचेअर काढलेली आहे. अपंगांच्या गाडीसाठी राखीव जागा, म्हणजे माझी. काल सकाळी त्या चित्रावर अख्खी चहाची टपरी उभी होती. शूटिंगवाल्यांची, खोटी. किटली कोरडी ठणठणीत, बरण्यांत बिस्किटं मात्र छान रचलेली. टपरीखालून चित्रातलं एक चाक तेवढं बाहेर डोकावत होतं.

जादा चाकं लावलेली माझी स्कूटर मी टपरीला खेटून उभी केली. गळ्यात वॉकीटॉकी अडकवलेला एकजण धावत आला.

"ताई, आमच्याकडे परवानगी आहे. आजचा दिवस जरा ॲडजस्ट करा ना."

ॲडजस्ट! हा शब्द ऐकतच मी मोठी झाले. लिफ्ट बंद आहे, ॲडजस्ट करा. रॅम्पवर कुंड्या ठेवल्यात, ॲडजस्ट करा. प्रत्येकजण हसून मागतो आणि आजच्यापुरतंच मागतो. त्याच्या आधीचाही आजच्यापुरतंच मागून गेलेला असतो, हे त्याला कुठे ठाऊक असतं? सगळं शहर ह्यांना मोकळं आहे, तरी ह्यांचं घोडं अडतं ते नेमकं माझ्या एवढ्याशा चौकोनावर.

"परवानगी माझ्याकडेही आहे," मी म्हटलं आणि हँडलखालच्या स्टिकरवर बोट ठेवलं.

"अहो, पण तुम्ही फ्रेममध्ये येताय! सरांना एकदम खराखुरा रस्ता हवाय."

मी किल्ली काढून पर्समध्ये टाकली.

"मग बरोबर आहे की. खऱ्या रस्त्यावर मी असते."