बोअरला गूळ पाजणारी

ब्लीचिंग पावडरीचं पाणी बोअरमध्ये ओतून मी बादली उपडी ठेवली आणि मागे वळले, तर माझी भाडेकरीण दारात उभी. ती ओरडली नाही, रडली नाही. मटकन मातीत बसली आणि म्हणाली, "आजी, माझी लेकरं मारलीत तुम्ही." तिला लेकरूबाळ नव्हतं, लग्नच झालेलं नव्हतं. ती बोलत होती ते जमिनीतल्या किड्यांबद्दल, जे डोळ्याला दिसतही नाहीत. पाण्याला सडका वास आला की खूश होणारी बाई अख्ख्या जिल्ह्यात ती एकच असेल, आणि ती नेमकी माझ्या ओसरीला राहायला आली होती.

ती कशाला आली ते सांगते. नांदुऱ्याच्या या बाजूला खारपाणपट्टा. विहीर खणली तरी पाणी तोंडात धरवत नाही. आमची विहीर तेवढी गोडी निघाली, म्हणून अर्धी गल्ली आमच्याकडे पाणी भरायची. वरच्या अंगाला लोखंडी भागांचा एक कारखाना होता. भागांवरचं तेल धुवायचं औषध वापरून झालं की ते मागच्या खड्ड्यात ओतायचे. कारखाना बंद पडला, खड्डा बुजला, औषध मात्र जमिनीतून विहिरीपर्यंत आलं. चवीवरून काही कळत नव्हतं. तपासणीत कळलं तेव्हा विहिरीवर लाल फुली पडली. मग सरकारी खात्याकडून ही बाई आली. जमिनीत काही किडे असे असतात की ते हे औषध तोडतात, ते इथे आहेत का आणि त्यांना इथलं पाणी मानवतं का, एवढं तिला बघायचं होतं. मानवलं तर विहीर वाचणार. नाही तर बुजवायची, असं वरून ठरलेलं होतं.

तिनं अंगणात विहिरीभोवती चार बारीक बोअर पाडले आणि त्यांच्या मागे वेडी झाली. सकाळी चहाआधी ती पाण्याचा वास घ्यायची. बाटली भरायची ती इतकी हळू की तेवढ्यात माझी भाजी निवडून व्हायची. भरली की बाटली उलटी करून बुडबुडा शोधायची, आणि मोहरीएवढा सापडला तरी ओतून पुन्हा पहिल्यापासून. पेट्रोलच्या वासानं पाणी बिघडतं म्हणून माझ्या पुतण्याला मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी लावायला लावायची. एकदा लग्नाची पत्रिका द्यायला आलेले पाहुणे अत्तर लावून आले होते, तर त्यांना तिनं फाटकाबाहेरच उभं ठेवलं. ते रागावले. पत्रिका मात्र तिच्याही नावाची देऊन गेले. माझ्या फ्रिजमध्ये लोण्याच्या भांड्याशेजारी तिच्या बाटल्या असायच्या, आणि लोणी काढताना मलाच हात धुवायला सांगायची.

एक दिवस ती गुळाचं पाणी कालवून बोअरमध्ये सोडायला लागली. माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "काऊन वं माय, जमिनीले गूळ काऊन पाजून राह्यली?"

"लेकरं जेवतील, आजी. जेवता जेवता पाण्यातली हवा संपवतील. हवा संपली की मग औषधाला हात घालतील."

त्यानंतर रोज सकाळी, लेकरं जेवली का, म्हणून ती बोअरशी वाकायची. मी तीन पोरं वाढवली, पण इतक्यांदा नाही विचारलं. महिन्याभरात बोअरला सडक्या अंड्यासारखा वास सुटला आणि तिनं गल्लीत पेढे वाटले.

आता माझी चूक. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर पंचायतीचा माणूस ब्लीचिंग पावडर देऊन जातो आणि ज्याची त्याची विहीर जो तो शुद्ध करतो. मी वर्षानुवर्षं करत आले. आमच्या विहिरीवर फुली होती, पावडर तशीच पडून होती, आणि एका बोअरला तर नाक धरावं असा वास. म्हटलं, तेवढं तरी साफ करू. झाकणावर तिनं मोठ्या अक्षरांत काही लिहिलं होतं, पण ते इंग्रजीत. मी चौथी शिकलेली.

त्या दिवशी तिनं सांगितलं की किडे औषध टप्प्याटप्प्यानं तोडतात, आणि मधला टप्पा पहिल्यापेक्षा जास्त विषारी असतो. काम तिथेच थांबलं तर विहीर कायमची गेली. शेवटपर्यंत गेलं तर उरतो तो केळी पिकवायचा वायू. मी म्हटलं, "मी चुकली. पण तू मराठीत लिवलं असतं, तर चुकली नसती." ती म्हणाली, "खरं आहे." नंतर दोघींनी मिळून दिवसभर तो बोअर उपसला.

उपसून झाल्यावर ती गुडघ्यात डोकं घालून बसली. मला तिचं बघवेना. मी म्हटलं, "दही नासलं तर आपण काय करतो? शेजारून विरजण आणतो. बाकीचे तीन बोअर सडून राह्यले ना?"

तिनं मान वर केली. खदखदून हसली. म्हणाली, हे आमच्या कामातही करतात, माझ्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या बोअरचं काळं पाणी बाटल्या भरभरून काढलं आणि उपसलेल्या बोअरमध्ये सोडलं. हवा लागली तर किडे मरणार, म्हणून प्रत्येक बाटली मी उलटी करून बघत होते. बुडबुडा दिसला म्हणून दोन बाटल्या मीच ओतून द्यायला लावल्या. तिनं त्या पुन्हा पहिल्यापासून भरल्या.

दिवाळीनंतर त्या बोअरमध्ये केळी पिकवायचा वायू सापडला. पुढचं वर्षभर विहिरीचं पाणी पुन्हा पुन्हा तपासलं, आणि मग एक माणूस येऊन फुली खरवडून गेला. पहिला तांब्या मी तिला दिला. तिनं सवयीनं आधी वास घेतला. कसलाच वास नव्हता, तेव्हा बिचारीचं तोंड जरा उतरलंच.

तिची बदली झाली. ओसरी मी दुसऱ्या कुणाला दिलेली नाही. झाकणावर तिनं जाताना मराठीत रंगवलं आहे, 'गुळाशिवाय काही टाकू नये.' सकाळी तांब्या भरताना मीही बोअरशी वाकते, पण विचारत काही नाही.

विहीर जगली. तिची लेकरं जगली. मी अजून आहे.