चाकवताची जुडी

केमो झाल्यावर थोरल्या बहिणीला, आक्काला, घेऊन मी दवाखान्याबाहेर आले. फाटकापाशी एक बाई चाकवत विकत होती. "घ्या ताई, पालेभाज्यांनी कॅन्सर टळतो म्हणतात," ती सहज बोलून गेली. मला तिचा रागच आला. आक्का मात्र डोक्यावरचा रुमाल सारखा करत हसली.

"अगं, मी जन्मभर हेच खाल्लं."

बाई ओशाळली. टळतो म्हणजे काहींचा टळतही असेल. ज्यांचा टळत नाही त्यांच्यात आपलं माणूस निघतं, एवढंच. आक्काला हल्ली अन्नाचा वासही सोसत नव्हता. तरी तिने वाकून एक जुडी उचलली, पानं निरखली आणि माझ्या हातात दिली.

"ताक घालून पातळ भाजी कर. माझ्या लेकींना वाढ. त्यांचा टळू दे."