मामांचे लात्वियाचे पाहुणे

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात स्वतःसाठी कोणाकडे अर्धा कप चहासुद्धा मागितला नाही, आणि दुसऱ्यासाठी मागताना अख्ख्या सोलापुरात कोणाला सोडलं नाही. लोक त्यांना लांबून पाहूनच खिशावर हात ठेवतात. तालमीच्या पोरांना गादी हवी, शेजाऱ्याच्या लग्नात खुर्च्या कमी पडल्या, कोणाच्या म्हशीला दवाखान्यात न्यायला टेम्पो पाहिजे, की मामा स्कूटरला किक मारून निघालेच. एकदा त्यांना स्वतःलाच सलाईन लावलं होतं, तर त्या अवस्थेत त्यांनी डॉक्टरांकडून शाळेच्या नव्या घंटेसाठी वर्गणी कबूल करून घेतली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "यांना उद्याच घरी न्या."

मामी गेल्यावर घर खायला उठायला लागलं, म्हणून मामांनी माडीवरची खोली इल्झे नावाच्या लात्वियाच्या मुलीला भाड्याने दिली. चादरी कशा विणतात ते शिकायला ती युरोपातून इथे आली होती. दिवसभर ती लक्ष्मीअक्का नावाच्या विणकर बाईंकडे मागाशेजारी बसायची आणि संध्याकाळी मामांनी वाढलेली कडक भाकरी नि शेंगाचटणी डोळे पुसत पुसत खायची. मामा तिला इलाबाई म्हणत.

ती परत गेल्यावर एका रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. ती तिथल्या विद्यापीठाच्या गायनपथकात होती. सगळ्या मुलामुलींना भारतात येऊन कार्यक्रम करायचे होते आणि त्या खर्चासाठी ती बर्फात उभी राहून केक विकत होती. तिने हे हसत सांगितलं. मामांना मात्र ते फार लागलं.

"म्हंजे आपल्याकडं यायला पाहुण्यांनी केक विकायचे?" फोन ठेवल्यावर ते म्हणाले. "आपली काय अब्रू हाय का न्हाय? जावईबापू, बसा की मागं."

मी स्कूटरवर मागे बसलो आणि पुढचे कित्येक रविवार उतरलोच नाही. विमानाचं पोरांनी बघावं, इथली रेल्वे, राहणं, जेवण मामांनी, असं दौरा आखणाऱ्या पुण्याच्या आयोजकांशी मामांनी परस्पर ठरवलं होतं. पहिल्याच चादरवाल्या व्यापाऱ्याने विचारलं, "लातूरची पोरं ना? मग एवढा खर्च कशाला? एसटीनं येतील की." मामांनी हवेत बोटाने नकाशा काढला, समुद्र दाखवला, बर्फ दाखवला, आणि शेवटी 'लातूरच्या बरंच पलीकडं' एवढ्यावर तडजोड केली. बेकरीवाल्या चाचांची शंका वेगळी होती. "मामू, इत्ते लोगां मिलके एकच गाना गाते कते? एक को पूरा आता नै क्या?" मामांनी प्रात्यक्षिक दाखवायचं ठरवलं. मला खालचा 'आ' लावायला सांगून त्यांनी स्वतः वरचा लावला. फळीखाली झोपलेलं कुत्रं उठून पलीकडच्या दुकानात गेलं, आणि चाचांनी घाईघाईने गल्ला उघडला.

यावरून मामांना आपल्या आवाजाची खरी ताकद कळली. एका मित्राच्या शेतावर त्यांनी तिकीट लावून हुरडा पार्टी ठेवली आणि गायनपथकाचा नमुना म्हणून स्वतःच उभे राहिले. मित्र हात जोडून म्हणाला, "मामा, तिकिटाच्या वर आणि देतो, पण तुमी बसा." मामांनी पैसे घेतले, घोटभर पाणी घेतलं आणि दुसरं कडवं सुरू केलं. त्या दिवशी सगळ्यांत जास्त वर्गणी जमली.

लक्ष्मीअक्कांनी न मागता पैसे आणून दिले आणि हळूच विचारलं, "आमच्या तेलुगूतलं एखादं म्हणतील का हो?"

"म्हनतील की," मामा म्हणाले. त्यांनी अर्थातच कोणाला विचारलं नव्हतं.

आणि मग दौऱ्याचं वेळापत्रक आलं. हैदराबाद, पुणे, मुंबई. सोलापूर नव्हतंच. पुण्याच्या आयोजकांनी सांगितलं, तुमच्याकडे योग्य सभागृह नाही, वेळही नाही. तो आठवडाभर मामांची स्कूटर जागची हलली नाही. चाचांच्या बेकरीवरून जावं लागू नये म्हणून ते पाव सोडून भातावर आले. बायको म्हणाली, "मामा, इल्झेला सांगा ना."

"काय सांगू? पैसे दिलेत, आता या म्हणून? पाहुण्याला असं म्हनत्यात का?"

शेवटी बायकोनेच मामांच्या नकळत तिला फोन केला. इथल्या खर्चाची वर्गणी मामांनी दारोदार फिरून जमवली, हे इल्झेला माहीतच नव्हतं. तिने सोबतच्या मुलांना सगळं सांगितलं, आणि हैदराबादहून पुण्याला जाताना फिरण्यासाठी ठेवलेला एकुलता एक मोकळा दिवस सोडून ती पोरं सगळीच्या सगळी सोलापूरला उतरली.

मंगल कार्यालयात कार्यक्रम झाला. आदल्या दिवशीच्या लग्नाचा पडदा तसाच होता, त्यामुळे लात्वियाची पोरं 'चि. सौ. कां.'च्या खाली उभी राहून गायली. चाचा माझ्या कानात म्हणाले, "सच्ची में, एक को नै जमता ये." मग इल्झे पुढे आली आणि पथकाने तेलुगूत एक अंगाई सुरू केली. माग चालवताना लक्ष्मीअक्का गुणगुणायच्या तीच. अक्कांनी पदर तोंडाशी धरला आणि गाणं संपेपर्यंत खाली घेतला नाही. मामा दारात उभे होते. जेवणाची पंगत बघायची आहे असं सांगून ते अधेमधे आत जात होते, आणि प्रत्येक वेळी चेहरा धुऊन येत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांना पुण्याच्या गाडीत बसवलं. प्रत्येकाच्या हातात शेंगाचटणीची पुडी होती. इल्झेने मामांना वाकून नमस्कार केला. मामा तिला फक्त एवढंच म्हणाले, "बाटलीतलंच पानी पी." गाडी सुटली, शेवटचा डबाही वळला. फलाट रिकामा झाला, तरी मामा बाकावरून उठेनात.

"चला मामा," मी म्हटलं.

"थांबा की जरा," ते रुळांकडे बघत म्हणाले. "अजून जवळचं मोहोळसुद्धा गेलं नसंल."