साबुदाण्याचा उपास आणि तिसरा मजला

मंडळातल्या सगळ्याजणींनो, ही फिरती वही आज माझ्याकडे आली, म्हणून आजचंच लिहिते.

आमची सून बाळाला घेऊन पुढच्या महिन्यात माहेराहून येते आहे. नातीला मी अजून पाहिलेलं नाही. मुलाचं बिऱ्हाड इथेच बंगालात, बेहाला भागात, तिसऱ्या मजल्यावर, आणि माझे गुडघे तर तुम्हाला माहीतच आहेत. आमचे बंगाली डॉक्टर म्हणाले होते, वजन उतरवा, आठवड्यातून दोन दिवस उपास करा. मी केले. मी एकटी कशी उपाशी राहू, म्हणून ह्यांनीही केले.

आज सकाळी दवाखान्यात काट्यावर उभी राहिले, तर माझं वजन तीन पौंड वाढलेलं. ह्यांचं पाच.

"माशीमा, उपासाला खाता काय?" डॉक्टरांनी विचारलं.

मी सांगितलं, साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, दाण्याचे लाडू. हे दुपारीही लाडू मागतात, तेवढं सांगणार नव्हते, पण तोंडातून गेलंच.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आमच्या बंगाल्यांत याला निमंत्रणाचं जेवण म्हणतात."

घरी आल्याआल्या ह्यांनी लाडवांचा डबा शेजारच्या बौदींना, म्हणजे बंगाली वहिनींना, देऊन टाकला. चार वाजता पोटात कावळे ओरडायला लागले, तेव्हा म्हणाले, "चल, जिन्यावर जाऊ." आणि शेजाऱ्यांदेखत माझा हात धरला. मी बारा पायऱ्या चढले, न थांबता. नातीपर्यंत साठ आहेत.

तुम्ही चार वाजताची भूक कशी मारता गं? खरं खरं लिहा. अजून अठ्ठेचाळीस राहिल्यात.