दोन मशिनींचा शेजार

कुरुळीचे धर्माजी आणि पिंपरीचे मीरासाहेब चाकणच्या एका कारखान्यात बावीस वर्षं शेजारशेजारच्या लेथ मशिनींवर उभे होते. एकाला लघवीला जायचं झालं की दुसऱ्यानं दोन्ही मशिनी सांभाळायच्या, असं त्यांचं ठरलेलं. सुपरवायझरला कधी पत्ता लागला नाही.

पुढं मीरासाहेब शिफ्टमध्ये आठ-आठ वेळा जायला लागले. धर्माजी हसायचे, "काय राव मीरासाब, टाकी गळाय लागली की तुमची!"

"वय झालं रे धर्मा. तू हाय ना, बघ जरा मशीनकडं."

मग मीरासाहेब कंबर धरून चालू लागले. धर्माजींनी घरून धण्याचं पाणी नेलं, चोळायला तेल नेलं. बायकोनं, ठकुबाईनं, जेजुरीचा भंडारा पुडीत बांधून दिला, तोही मीरासाहेबांनी अदबीनं खिशात जपला. सगळं झालं, डॉक्टर तेवढा राहिला. प्रोस्टेटचा कर्करोग कळला तेव्हा तो हाडांत उतरला होता. गेल्या रमजानात मीरासाहेब गेले.

आता त्या मशीनवर चाळिशीचा समाधान असतो. मीरासाहेबांना आवडायचा म्हणून धर्माजी अजून डब्यात ठेचा जास्तीचा आणतात, आणि जेवताना झाकणात काढून डावीकडं, मीरासाहेबांच्या जागेकडं, सरकवतात. समाधान तिखट खात नाही. झाकण तसंच परत जातं. ठकुबाई ते घासून ठेवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच ठेचा भरते.

अलीकडं धर्माजींनाच सारखं जावं लागतं. समाधान म्हणतो, "जावा काका बिनधास्त, मी हाय ना."

ते शब्द ऐकले की धर्माजींना मीरासाहेबांचं 'तू हाय ना' आठवतं.

परवा कंपनीच्या कँटीनमध्ये पन्नाशीपुढच्यांसाठी तपासणी लागली. रांगेत एकमेकांच्या पाठीवर फॉर्म ठेवून जो तो भरत होता. लघवीचा त्रास? न्हाई. न्हाई. न्हाई. सोबत आलेल्या समाधाननं धर्माजींचाही भरून टाकला. "तुमचं पण न्हाईच लिवलं काका. लवकर सुटाल."

धर्माजींनी फॉर्म परत घेतला. मग पेन मागितलं, 'न्हाई' खोडलं आणि 'हाय' लिहिलं.

मागून कोणीतरी ओरडलं, "धर्माजी, म्हातारपण लिवताय व्हय?" रांग हसली. धर्माजींचे कान तापले, पण खोडलेलं त्यांनी परत लिहिलं नाही.

पडद्यामागं डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?"

"मीरासाब आठ वेळा जायचे," धर्माजी म्हणाले. "फक्त मलाच ठाऊक होतं. मी झाकून घेतलं."

"आणि तुम्ही?"

"सहा-सात वेळा. धारबी बारीक झालीय."

डॉक्टर म्हणाले, "बऱ्याचदा वयानं प्रोस्टेटची ग्रंथी वाढते, तेवढंच असतं. पण न बघता कसं कळणार? तिचा कर्करोग सुरुवातीला त्रासही देत नाही. पन्नाशीनंतर डॉक्टरांना विचारून घ्यावं." त्यांनी रक्त काढायला सांगितलं. रिपोर्ट आठवड्यानं येणार होता.

मशीनवर परतल्यावर समाधान सवयीनं म्हणाला, "जाऊन या काका, बघतो मी."

"मशीन बघ," धर्माजी म्हणाले, "पन माझ्याकडंबी बघ. माझं जाणं वाढलं तर तोंडावर सांग. लाजू नको. माझ्याच्यानं मीरासाबला सांगणं झालं न्हाई."

"सांगीन काका," समाधान म्हणाला.

जेवणाची सुट्टी झाली. धर्माजींनी डबा उघडला, ठेचा झाकणात काढला आणि डावीकडं सरकवला. भोंगा होईपर्यंत ते झाकण तिथंच होतं.