बर्फातलं मीठ

माझ्या सासूबाई शेजारणींना सांगतात की आमची सून दिवसभर फ्रीजमध्ये डोकं घालून बसते. ते अगदीच खोटं नाही. डोंबिवलीतल्या ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे, तिथल्या आतल्या खोलीत कमरेएवढ्या उंचीचं एक यंत्र आहे. बाहेरून ते लग्नाच्या हॉलमधल्या आइस्क्रीमच्या पेटीसारखं दिसतं. आत उणे वीसच्या आसपास थंडी, आणि त्या थंडीत बसवलेलं धारदार पातं. ऑपरेशन चालू असताना पेशंटच्या अंगातून काढलेली गाठ आमच्याकडे येते. मी तिचा लहानसा तुकडा धातूच्या चकतीवर जेलमध्ये बसवते, झटकन गोठवते, चाक फिरवून त्याचा पातळ काप काढते आणि काचेवर घेऊन रंगवते. आमच्या डॉक्टर मॅडम तो मायक्रोस्कोपखाली बघतात आणि सर्जनला फोनवर सांगतात, गाठ साधी आहे की कॅन्सरची. तोवर सर्जन हात बांधून उभा असतो आणि पेशंट टेबलावर तशीच झोपलेली असते.

सगळी मदार त्या झटकन गोठवण्यावर असते. हळूहळू गोठलं तर मांसातल्या पाण्याचे मोठे खडे होतात, ते आजूबाजूचं सगळं फाडून टाकतात आणि कापाला घावनासारखी जाळी पडते. घावन पानात शोभतं, काचेवर नाही. जाळीत पेशी शोधायच्या कुठे? म्हणून आसपासच्या छोट्या हॉस्पिटलांशी माझं कायमचं भांडण असतं, की बाबांनो, गाठ कोरडी पाठवा. पण तिथल्या सिस्टरांची माया उतू जाते. गाठ सुकू नये म्हणून त्या तिला सलाइनमध्ये बुडवून पाठवतात, मग मी फोन करून ओरडते, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

त्या दिवशी मात्र गाठ ठाकुर्लीहून कोरडीच निघाली होती. तिशीतली बाई, लग्नाला काही वर्षं झालेली, मूल नाही. एका बाजूच्या अंडाशयात गाठ. सर्जन ठाण्याहून येणारे होते. माजिवड्याला गाडी अडकली तेव्हा गाडीतूनच त्यांनी मॅडमना फोन केला. गाठ साधी निघाली तर तेवढंच अंडाशय काढून पोट शिवायचं, वाईट निघाली तर दुसरं अंडाशय आणि गर्भपिशवीसुद्धा काढायची, असं ठरलं होतं. घरच्यांनी दोन्हींसाठी सही दिली होती. थोडक्यात, तिला कधी मूल होणार की नाही हे आमच्या काचेवर ठरायचं होतं. मला अशा केसेस आवडत नाहीत.

हॉस्पिटलचा नेहमी गाठ आणणारा माणूस रजेवर होता. नवरा रक्ताच्या बाटलीसाठी कल्याणला धावला होता. म्हणून गाठ घेऊन निघाले ते तिचे वडील, स्कूटरवरून. आम्ही यंत्र तयार ठेवून वाट बघत बसलो, आणि हे काही येईनात. शेवटी आले ते साठी उलटलेले गृहस्थ, अंगात पांढरा हाफ शर्ट, गळ्यात जाड चेन, कोपराला अडकवलेलं हेल्मेट आणि छातीशी धरलेली थर्माकोलची पेटी. एवढा उशीर का, म्हणून मी करवादले. पुलावर ट्रॅफिक होतं, ते म्हणाले. मग पेटी काउंटरवर ठेवून त्यांनीच झाकण उघडलं.

"बर्फान ठेवलाय, बाय. मीठपन टाकलाय. गार ऱ्हाईल."

बोलीवरून कळलंच होतं, इथले जुने. आजा-पणजा मिठागरात राबलेले, आता शेतांवर इमारती उभ्या राहिलेल्या. सिस्टरने त्यांना सांभाळून न्या एवढंच सांगितलं होतं. त्यांनी वाटेत ओळखीच्या मासेवालीकडून पेटी मागून घेतली, बर्फ भरला, त्यात गाठीचा डबा ठेवला आणि वर मुठीनं मीठ टाकलं. मे महिन्यात पॉटचं आइस्क्रीम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे, मिठाने बर्फाची थंडी वाढते. नुसत्या बर्फात गाठ एक वेळ निभावली असती. मीठ घातलेल्या बर्फात ती आली होती हळूहळू गोठत, पूल संपेपर्यंत. चांगली मासळी सांभाळायची त्यांच्या घरातली जी सर्वात खात्रीची रीत, ती त्यांनी लेकीसाठी वापरली होती. मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं आणि रडूही आलं. दोन्ही गिळून मी डबा उचलला आणि आत गेले.

गाठ मुठीएवढी होती आणि वरून टणक झाली होती. मॅडमनी सालीलगतचा जो भाग संशयाचा वाटला तो दाखवला, मी तो घेतला, गोठवला, कापला, रंगवला. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. मग मायक्रोस्कोपवरून डोळे उचलून म्हणाल्या, "हे मला वाचता येणार नाही."

मी वाकून बघितलं. घावन.

हॉस्पिटलमधून दुसरा तुकडा मागवायची सोय नव्हती, कारण अख्खी गाठ आमच्यासमोरच होती. तेवढ्यात फोन वाजला. काही नक्की कळत नसेल तर मी माझ्या अंदाजाने पुढे जातो, सर्जन म्हणत होते. त्यांचा अंदाज काय असेल हे आम्हा दोघींना कळत होतं. मॅडमनी त्यांना थांबायला सांगितलं आणि माझ्याकडे वळल्या. गाठ मोठी आहे, मध्यापर्यंत गारवा पोचला नसेल, मधोमध काप, म्हणाल्या.

मी सुरी घातली. वरचा थर खोबऱ्यासारखा करकरला आणि मग सुरी अलगद आत गेली. मधलं सगळं मऊ होतं. इतकं बरं वाटलं की मी देवाचं नाव घेतलं, जे मी लॅबमध्ये कधी घेत नाही. तिथून दोन-तीन ठिकाणचे तुकडे घेतले आणि झटकन गोठवले. या वेळी काप काचेवर सपाट, अखंड बसला. मॅडमनी एकेक काच सावकाश, पुन्हा पुन्हा बघितली. मग फोन उचलून म्हणाल्या, "साधी आहे. शिवा पोट." मी तिथल्याच स्टुलावर बसले.

बाहेर आले तर वडील काउंटरपाशी उभेच होते. रिपोर्ट नातेवाइकांना आम्ही सांगत नाही, तो सर्जनने सांगायचा. पण त्यांनी रिपोर्ट विचारलाच नाही. कदाचित भीती वाटत असेल. त्यांनी विचारलं, "मीठ टाकला ते बरोबर केला ना, बाय?"

"बरोबर केलंत," मी म्हटलं.

मी भांडते पुष्कळ, खोटं सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोलले, आणि वेळ आली तर पुन्हा बोलेन. त्यांनी समाधानाने मान हलवली, हेल्मेट चढवलं आणि पेटी तिथेच विसरून गेले.

तेव्हापासून हॉस्पिटलांना फोनवर द्यायच्या माझ्या सूचनांत एकीची भर पडली. लॅबमधली मंडळी चिडवतात, मीठ सांगतेस तर हळद-तिखटही सांगून टाक. मी त्यांना कारण सांगितलेलं नाही.

पुढल्या वर्षी पावसाळा संपता संपता मी अशीच फोनवर होते. कोरडी पाठवा, सलाइन नको, फॉर्मालिन नको, बर्फ नको, आणि मीठ तर अजिबात नको. फोन ठेवून वळले तर काउंटरपाशी तेच वडील, हातात नवी, मोठी थर्माकोलची पेटी. आमच्या काउंटरवरच्या मुलीला ते सांगत होते की त्यांच्या मिठाने गाठ ताजी राहिली, म्हणून लेक वाचली, अख्ख्या गावाला माहीत आहे. आता ते बोलायचे थांबले होते आणि माझ्याकडे बघत होते.

"मीठ नको?"

आता खोटं सुचेना. मीठ घातलं की गाठ हळूहळू गोठते, खराब होते, मी सांगितलं.

"मंग तवा बोलली का नाय?"

"तेव्हा तुमची लेक टेबलावर होती. आणि तुम्हाला स्कूटर चालवत पुलावरून परत जायचं होतं."

ते बाकावर बसले. आपल्या तळहातांकडे बघत राहिले. मधला भाग चांगला होता, काही बिघडलं नाही, असं मी दोनदा सांगितलं, पण ते त्यांच्यापर्यंत पोचलं की नाही कोण जाणे. मग उठून त्यांनी पेटी माझ्याकडे सरकवली. खाडीतला जिताडा होता, त्यांनी स्वतः निवडून आणलेला.

"यात टाकलाय मीठ. काडू का?"

"राहू द्या," मी म्हटलं. "माशाला चालतं."

दारापर्यंत जाऊन ते परत आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "गावाला काय सांगायचा तो मी बघीन. पोरीला तेवढा सांगू नको, बाय. घरा आयलीय ती. सातवा लागलाय तिला."

"नाही सांगत," मी म्हटलं. आणि पेटी दोन्ही हातांनी उचलून घेतली.