घंटेच्या आधी

आमच्या गल्लीतल्या सायन्सच्या मॅडम कुणाकडे चहालासुद्धा शाळेच्या तासाएवढंच बसतात. गप्पा रंगात आल्या की घड्याळ बघून म्हणतात, "चला, तास संपला!"

यंदा सुट्टीत त्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करत होत्या. शहराजवळच्या भैरवगढला कापड छापल्यावर उरलेलं लाल पाणी त्यांना नारळाच्या करवंट्यांच्या कोळशानं स्वच्छ करायचं होतं. संध्याकाळी ऑटोत भेटल्या की सांगायच्या, "आजही लालच!"

मग एक दिवस देवास गेटच्या स्टॉपवर ऑटोत बसताच त्यांनी पर्समधून बाटली काढली. पाणी अगदी नितळ!

"अहो, मी रोज तासाभरातच, घंटेच्या आधीच पाणी गाळून घेत होते! शाळेची सवय. काल मीटिंगमध्ये अडकले, तेवढ्या जास्तीच्या वेळात कोळशानं आपलं काम केलं. भैया, देखो, भैरवगढ का पानी!"

ऑटोवाला म्हणाला, "मैडम, ये तो नर्मदा का लग रहा है!" मॅडम लहान मुलीसारख्या हसल्या.

शाळा उघडल्यावर त्या आमच्याकडे आल्या. चहा संपला तशी मी सवयीनं दार उघडायला उठले.

"बसा हो," त्या म्हणाल्या. "आता शाळेत प्रयोगासाठी हेडसरांकडून दोन तास जोडून घेतलेत मी!"

आणि त्यांनी रिकामा कप पुन्हा पुढे केला.